बोडीची गोलाई

टण्.

संध्याकाळचे पाच वाजून गेले असतील. आमच्या घरापुढच्या सपरीत विटांवर ठेवलेलं गुरांच्या कोठ्याचं जुनं सागवानी दार, आणि त्या दारावर पारबताची रेल्वे. इंजिन ठेसनावरून निघालं, गँगच्या खोलीपासून गेलं, बोडीच्या गोलाईवर आलं आणि दाराच्या लोखंडी कडीवर जाऊन आदळलं. मागचे पाच डबे त्याच्या अंगावर. रोजचंच होतं.

"पडली," पारबता म्हणाली.

"पडनच," मी म्हणालो.

"काहून पडते ते तुमाले मालूम हाय न?"

"मालूम हाय."

"मंग?"

"मंग काही नाही. उद्या पाहू."

ती हसली. माझा 'उद्या' तिला पन्नास वर्षांपासून माहीत होता. तिनं इंजिन उचललं, पदरानं पुसलं, डबे एकामागे एक लावले आणि इंजिन माझ्यापुढे धरलं. पोटातला सेल काढायला नख लागायचं, तिच्या बोटांत आता जोर नव्हता. ती इंजिन धरून बसली, मी सेल काढला. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. मग ती लसूण सोलायला आत गेली.

मी चार बुकं शिकलेला माणूस. रेल्वेत गँगमन होतो. म्हणजे पटरीखालची गिट्टी कुटायची, ढिली पटरी कसायची, उन्हात आणि थंडीत तेच करायचं. लिहिणं माझं काम नाही. पण भंडाऱ्याजवळ शहापूरला दिलेली पोरगी वनिता म्हणाली, "बाबा, तुमी बोलून नाही राहिले, तं लिहा तरी." लिहून काही होणार नाही. ते तिलाही माहीत आहे.

पारबता करडी गावची. तिच्या माहेरी धान, बोडी आणि पुन्हा धान. लग्नाआधी तिनं गाडी पाहिलीच नव्हती. आमचं घर लाइनीला लागून, मधे फक्त धानाची एक बांधी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालगाडी निघाली तशी ही पिठाचे हात घेऊन बाहेर पळाली. नवी नवरी, डोक्यावरचा पदर पडलेला. माझी माय ओरडली, "अवं, चुलीवर तवा हाय!" ही जागची हलली नाही. भाकर जळली. गाडी संपल्यावर आत आली आणि मला म्हणाली, "अजी, एवढं लांब काही असते हे मले कोणी सांगतलंच नाही."

त्याच दिवशी तिनं विचारलं, शेवटच्या डब्यावर पिवळी फुली काहून हाय? मी सांगितलं, गाडी ठेसनातून गेली की मास्तर ती फुली पाहतो. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर गाडी मधेच कुठंतरी तुटली, डबे मागं राहिले. मी सांगून विसरलो. तिनं ते जन्मभर धरलं.

"शेपूट आली का?" हे तिचं बोलणं. मंडईच्या जत्रेतून पोट्टे परत आले की शेवटचा पोट्टा दारात दिसेपर्यंत ती जेवण वाढत नसे. "शेपूट आली का?" धान रोवायला आलेल्या बाया बांधीतून निघाल्या की शेवटची बाई शेताच्या धुऱ्यावर चढेपर्यंत ही थांबायची. वनिता लग्न होऊन गेली तेव्हा सगळ्या बाया रडत होत्या. ही रडली नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा "गेली शेपूट" म्हणाली आणि भांडी घासायला बसली. दोन दिवस भांडीच घासत होती.

ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पत्ती, पत्ती कापायला टिनाचा फर्मा आणि कैची. तोंड कायम लाइनीकडे. गाडी दिसायच्या आधी सुपातली पत्ती थरथरायची आणि ती म्हणायची, "खाली मालगाडी." किंवा, "भरली हाय, कोरसा असंन." चुकत नसे. मी चाळीस वर्षं लाइनीवर काढली, मला नाही कळायचं.

मला गाडी आवडत नव्हती, हे सांगितलं पाहिजे. गँगमनला गाडी म्हणजे हातातलं काम टाकून बाजूला पळणं. डब्यांतली घाण अंगावर उडायची म्हणून आम्ही पाठ फिरवून उभे राहायचो. मी एकदा तिला म्हणालो, "त्यात पाहासारखं काय हाय? चाळीस साल पायली मी."

ती म्हणाली, "तुमी पटरी पायली. गाडी कुठं पायली?"

खरं होतं. मला राग आला.

मी रिटायर झाल्यावर वनितानं तिचा जुना मोबाइल आईला दिला, बोलायला. पारबता त्यावर फार बोलली नाही. तिनं गाड्यांचे फोटो काढायला घेतले. पहिला महिना नुसतं आभाळ, तारा आणि स्वतःचा अंगठा. गाडी निघून गेल्यावर बटन दाबलं जायचं. मग तिचं तिलाच सुचलं, पत्ती थरथरली की मोबाइल उचलायचा. तेव्हापासून गाडी सापडू लागली. एका गाडीचे तीन फोटो: तोंड, पोट, शेपूट. फुली आली नाही तर तिन्ही पुसून टाकायची. मी म्हणालो, "दोन तं बेस आले होते न?" ती म्हणाली, "अर्धी गाडी कायले ठेवू?"

रोज दुपारी जेवण झालं की ती बोडीच्या पाळीवर जाऊन बसायची. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. तिथं लाइन बोडीला वळसा घालून जाते. रेल्वेतले लोक अशा वळणाला गोलाई म्हणतात. तिथून गाडी तोंडापासून शेपटीपर्यंत एका नजरेत दिसते, म्हणून तिला ती जागा आवडायची. मी त्या पाळीवर तिच्यासोबत कधी गेलो नाही. का नाही गेलो ते पुढे सांगतो.

गावात हसायचे. माझी वहिनी सखू, म्हणजे पारबताची जाऊ, तोंडानं कडक. भर पाणवठ्यावर म्हणाली, "पारबते, नवरा रिटायर झाला, आता तू लागली का रेल्वेत?"

पारबता म्हणाली, "हव. त्यायले पगार होता, मले नाही, एवढाच फरक."

मग ते लाल लुगड्याचं झालं. ऊन होतं, मोबाइलच्या काचेत काही दिसत नव्हतं, म्हणून हिनं पदर डोक्यावरून पुढे हातभर ताणून सावली केली. लुगडं लालभडक, करडीच्या भावानं दिलेलं. वारा सुटला, पदर उडू लागला. तिकडून मालगाडी येत होती. डायवरनं पाहिलं, लाइनीच्या बाजूला कोणी लाल हलवत आहे. त्यानं ब्रेक मारले. अर्धं गाव धावलं. मीही धावलो.

डायवर खाली उतरला. घामानं ओला, तोंड पांढरं पडलेलं. "माताजी, क्या हुआ? पटरी टूटी है क्या?"

"नाही बावा," पारबता म्हणाली. "पटरी बराबर हाय. माहा बुढाच तं करत होता."

"फिर रोका क्यूं?"

"मी कुठं रोकलं? मी फोटो काढून राहिली होती."

त्यानं कपाळाला हात लावला. त्याचा सोबती मात्र हसत सुटला. पारबतानं दोघांना घरून पाणी आणून पाजलं आणि जाता जाता त्यांचाही फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मला ठेसनावर बोलावणं आलं. पांढऱ्या केसांनिशी मान खाली घालून ऐकून घेतलं. "गँगमनची बायको असून?" घरी येऊन मी तिला नाही नाही ते बोललो. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी लाल लुगडं पेटीत टाकलं आणि त्यानंतर पाळीवर जाताना कायम हिरवं नेसली.

"आता तं कोणी थांबनार नाही न?" जाताना मला विचारायची. रोज विचारायची, मी चिडावं म्हणून.

त्या थांबलेल्या गाडीचा फोटो तिनं पुसला. उभी गाडी काय पाहायची, म्हणाली.

मग तिच्या पायांवर सूज आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय थकलं आहे, चढउतार बंद. पाळ चढणं बंद झालं. आठ दिवस ती सपरीत बसून राहिली. सूप मांडीवर, पण हात चालेना. मला वाटलं, संपलं आता. नवव्या दिवशी म्हणाली, "अजी, कोठ्याचं दार काढून द्या."

"कायले?"

"लाइन टाकते म्हणते मी."

मी दार काढून दिलं. तेवढंच मी केलं. बाकी सगळं तिचं. भंडाऱ्याच्या कासाराकडून पितळी पत्र्याची कात्रणं वनितानं आणून दिली, त्यांच्या पटऱ्या झाल्या. तुराटीचे तुकडे स्लीपर. डबे तिच्या गोळ्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे, आणि सगळे एका मापाचे, कारण ते तिनं बिडीच्या फर्म्यानं कापले. पन्नास वर्षं त्या फर्म्यानं पत्ती कापलेला हात, एक डबा केसभर इकडे तिकडे नाही. फुटक्या आरशाची बोडी. लाइनीवरच्या तारांच्या जागी कोशाचा धागा. इंजिन तेवढं विकतचं, बाजारातलं, सेलवर चालणारं. तेही तिनं रंगवून घेतलं. मी म्हणालो, "पोट्ट्यायचा खेळ."

"मंग तुमी कायले पाहून राहिले?"

गिट्टीसाठी तिनं तांदळाची कनी राखेत घोळून पसरली. झकास दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मुंग्यांची रांग लागलेली, दारावरून खाली, सपरीतून थेट भिंतीच्या फटीत. मी आयुष्यात फार कमी हसलो असेन, पण त्या दिवशी हसलो. "अवं पारबते, ऊठ! तुही लाइन उखडली. गिट्टी चोरून नेऊन राहिले."

ती गुडघ्यांवर हात देत आली, पाहिलं आणि म्हणाली, "हे गँगमन तुमच्यापेक्षा बेस हायेत. काम तं करतात." मग चाळलेली रेती टाकली.

दारावर काय होतं ते मला हळूहळू दिसू लागलं. गँगची खोली, तिच्याजवळचं मोहाचं झाड, पाण्याचा हापसा, मोडका सिग्नल. ती माझीच लाइन होती. मी रोज चालायचो तेवढी. मी तिला कधी फारसं सांगितलं नव्हतं. डबा घेऊन यायची तेव्हा पाहून ठेवलं असेल.

आणि एका कोपऱ्यात बोडीची गोलाई.

"ते काढून टाक," मी म्हणालो.

"काढली तं गाडी घरी कशी येईल?"

"मले नाही मालूम. काढ."

तिनं काढली नाही. पन्नास वर्षांत तिनं माझं ऐकलं नाही असं फार वेळा झालं नाही.

बोडीच्या गोलाईवर बारसू मेला. आमच्या गँगमधला, माझ्याच वयाचा, माझ्या बाजूला बसून डबा खाणारा. गोलाईवर बाहेरच्या पटरीखाली गिट्टी भरायचं काम होतं. तिथं पटरीवर वाकलेल्या माणसाला गाडी जवळ आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून एक माणूस झेंडी आणि शिट्टी घेऊन पुढे उभा करतात. त्या दिवशी झेंडी माझ्या हातात होती. बाजूच्या लाइनीनं मालगाडी जात होती, तिचा कानठळ्या बसणारा आवाज. त्यात दुसरी गाडी आली. मी शिट्टी वाजवली. बाकीचे हटले. बारसू वाकलेला होता, त्याला ऐकू गेली नाही. चौकशी झाली. माझी चूक नाही असं लिहिलं. लिहिलं म्हणजे झालं असं नाही. शिट्टी मी एकदाच वाजवली होती. दोनदा वाजवायला पाहिजे होती. मग मी घरी ते नाव काढलं नाही, आणि पारबतानंही काढलं नाही.

तिनं दारावरच्या गोलाईजवळ हरभऱ्याएवढा एक दगड ठेवला होता. त्याला शेंदूर लावला होता.  

गाडी तिथंच पडायची. बाकी तीन कोपऱ्यांत वळायला ऐसपैस जागा होती. या कोपऱ्यात दाराची कडी, म्हणून गोलाई आखूड झाली. इंजिन वेगानं यायचं आणि बाहेर फेकलं जायचं. टण्. कोणताही गँगमन सांगेल काय करायचं. गोलाईवर बाहेरची पटरी उचलावी लागते आणि दोन पटऱ्या एकमेकींपासून केसभर फाकवाव्या लागतात. मग गाडी आतल्या बाजूला कलते आणि पडत नाही. एका तासाचं काम.

पारबतालाही ते माहीत होतं. एके दिवशी तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "पाहा, माह्या फोटोत गाडी बोडीकडं कलली दिसते. माही गाडी कलत नाही. बाहेरची पटरी उचलावं लागते न?"

"मालूम हाय तं उचल न."

"मी नाही उचलत."

"काहून?"

"दार माहं हाय, गाडी माही हाय. गोलाई तुमची हाय. तुमी उचला."

मी उठून बाहेर गेलो. त्यानंतर दिवाळी गेली, मंडई गेली, थंडी गेली. रोज संध्याकाळी ती गाडी सोडायची आणि रोज टण् व्हायचं.  इंजिन पुसायची, डबे लावायची, माझ्याकडे पाहायची. शेजारची बाई म्हणाली, "काकू, कडी काढून टाका न, झंझटच नाही." पारबता म्हणाली, "असू दे. तिचा आवाज बुढ्याले आयकू जाते."

लोक म्हणतात, तुझी बायको मोठी हौशी होती. हौस होती खरी. पण सहा महिने ती एका म्हाताऱ्या माणसाची वाट पाहत बसली होती, हे लोकांना माहीत नाही. मला माहीत होतं. म्हणून जास्त लागतं.

तेरवीला फोटो पाहिजे होता. मोबाइलात सगळ्या गाड्या, तिचा एकही नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात ती चोरासारखी दिसते. ती गेली त्या दिवशी करडीच्या भावानं माहेरचं लुगडं आणलं होतं, लाल. तेच नेसवलं. मला बोलायचं होतं, पेटीत हिरवं आहे, ते नेसवा. बायांची गर्दी होती.  हेही राहिलं.

आता सपरीतून ते दार मी हलवलेलं नाही. धूळ बसते. पुसत नाही. लाइनीवरून गाड्या जातात, नको वाटतात, पण घर कुठं नेऊ. वनिता म्हणते, शहापूरला या. जाऊन काय करू? तिथंही हायवेच्या गाड्या.

मी उद्या म्हणालो होतो, ते मात्र केलं. तेवढं सांगून थांबतो.

त्या संध्याकाळी आम्ही वरणभात खाल्ला. तिनं अर्धाच खाल्ला. झोपताना म्हणाली, "उद्या म्हणले, ध्यानात हाय न?" मी हूं म्हणालो.

सकाळी माझी पाचची सवय. ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. रोज माझ्या आधी उठणारी बाई. मला वाटलं, थकली, झोपू दे. चहा ठेवला नाही, भांड्यांचा आवाज होईल म्हणून. सपरीत आलो, दिवा लावला आणि दारापुढे बसलो.

 मग तिच्या सुपातून तेंदूपत्तीची कात्रणं घेतली. बाहेरच्या पटरीखाली, स्लीपरच्या टोकाशी, एक कात्रण सरकवलं. मग दुसरं, मग तिसरं. आमच्या गँगचा मुकादम, मेठ, करायचा तसा गाल दाराला टेकवून पटरीच्या रेषेत पाहिलं. एका जागी खड्डा होता, तिथं अर्धं कात्रण घातलं. पटऱ्या केसभर फाकवल्या. हात काम विसरले नव्हते. शेंदराच्या दगडाला धक्का लागला, तो उचलून बाजूला ठेवला.

इंजिनात सेल घातला. गाडी ठेसनावर लावली. सोडायच्या आधी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवली. मोठ्यानं. आणि पुन्हा एकदा.

गाडी निघाली. गँगच्या खोलीपासून गेली, मोहापासून गेली, गोलाईवर आली. मी कान कडीकडे लावून बसलो होतो. गाडी बोडीच्या बाजूला कलली, तिच्या फोटोत कलते तशी, आणि निघून गेली. पाचही डबे गेले. शेवटच्या डब्यावर तिनं हळदीनं काढलेली फुली होती, तीही गेली. आवाज झाला नाही.

"पारबते!" मी हाक मारली. "अवं ऊठ, पाय. शेपूट आली."

गाडी दुसऱ्यांदा फिरून आली. तिसऱ्यांदा आली. पत्ती थरथरली तरी जागी होणारी बाई. दोन शिट्ट्या वाजल्या होत्या.

मी सेल काढला नाही. गाडी तशीच फिरत ठेवली आणि आत गेलो.